सगळ्या तारा सारख्याच वाजतात

पंक्चर काढणारे गल्लीगणिक सापडतात. चाकाचा आउट काढणारा मात्र शंभरात एखादाच. चाक फिरताना झिंगलेल्या माणसासारखं डावी-उजवीकडे झुकायला लागलं की ते आउट झालं म्हणायचं. मग सायकल उलटी उभी करायची, चाक फिरवायचं, रिमच्या जवळ खडू धरायचा. जिथे खडू घासेल तिथे बिघाड. तिथल्या तारा, म्हणजे स्पोक, एका बाजूने ढिल्या करायच्या, दुसऱ्या बाजूने आवळायच्या, पाव पाव फेऱ्याने. घाई केलीत की चाकाचं अंडं होतं.

त्याला सगळे सरळ्या म्हणायचे. वाकडी चाकं सरळ करायचा म्हणून. समोरासमोर दादा, पाठीमागे सरळ्या. खडू त्याने फक्त गिऱ्हाइकाला दाखवायला ठेवला होता. स्वतः तो नखाने एकेक तार छेडायचा आणि कान चाकाशी न्यायचा. "ही रडतेय, हिला आवळ. ही किंचाळतेय, हिला सैल सोड." दिसायला तार धडधाकट, आणि हा म्हणायचा, पंधरा दिवसांत तुटणार. तुटायचीच.

कामाइतकीच त्याची जीभ प्रसिद्ध होती. "सायकल चालवतोस का नांगर?" "मागे तिघांना बसवून खड्ड्यात घातलीस ना? मग आता चौघं मिळून डोक्यावर घेऊन जा." लोक शिव्या खायला यायचे म्हटलं तरी चालेल. एकदा शाळेचे एक मास्तर फुकट हवा भरून घेत होते, तर हा म्हणाला, "मास्तर, इतिहास फुकट शिकवता का तुम्ही?" मास्तर आजही ते सांगून हसतात. आता हसता हसता मधेच थांबतात, एवढंच.

दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. वर लोक चढले की छतातून माती पडायची. भिंतीला जुन्या रिमा टांगलेल्या, एका पत्र्याच्या पाटीत काळं पडलेलं पाणी, खाली तेलाने डांबरासारखी झालेली फरशी. चौदाव्या वर्षी तो इथे आला आणि बावन्नाव्या वर्षापर्यंत इथेच राहिला. त्याआधी दुकान म्हातारबाचं होतं. म्हातारबाने एक चावी केली होती, तारा आवळायची. बाजारातली नव्हे. जुन्या आसाचा तुकडा कानशीने घासून घासून, स्वतःच्या अंगठ्याच्या मापाने. त्या चावीचा दुकानात एक नेम होता. पान्हे कुणीही घ्या, हातोडी कुणीही घ्या, पण चावी मागायची नाही आणि द्यायची नाही. ज्या दिवशी उस्तादाला वाटेल की शिष्याचा कान तयार झाला, त्या दिवशी ती एका हातातून दुसऱ्या हातात जायची, आणि मग उस्तादाने पायरीवर बसायचं. म्हातारबाने सरळ्याला चावी दिली आणि पुढे अकरा वर्षं पायरीवर बसून, "असं नाही रे, गाढवा" म्हणत सगळ्यांचं डोकं खाल्लं. इतकं की तो गेला तेव्हा दुकान दोन दिवस बहिरं झाल्यासारखं वाटलं.

सरळ्याच्या हाताखाली जो होता त्याला हवावाला म्हणत. आला तेव्हा वीस वर्षांचा, हातपंपाने हवा मारायला. आता चाळिशी ओलांडली, दोन मुलींचा बाप झाला, तरी नाव तेच राहिलं. सरळ्या त्याला हव्या म्हणे. वीस वर्षं दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसले. त्याला आउट काढता यायचा, पण बाजारातल्या चावीने, आणि खडू लावून.

शेवटच्या दोनेक वर्षांत सरळ्या बदलला. एकदम नाही. एकदम बदलला असता तर आंधळ्यालाही दिसलं असतं. आधी शिव्या कमी झाल्या. गिऱ्हाईक खूश. "दादाचा स्वभाव निवला," म्हणायला लागले. मग एकेका चाकाला वेळ लागायला लागला. वीस मिनिटांच्या कामाला दोन तास. झालेलं चाक परत खोलायचा, परत छेडायचा, परत आवळायचा. हवावाला म्हणायचा, "दादा, झालंय की सरळ." तो म्हणायचा, "झालं असेल." असेल! ज्या माणसाने आयुष्यात कधी 'असेल' म्हटलं नव्हतं. डबा अर्धा परत जायचा. सकाळी दुकान उघडायला तो सगळ्यांआधी हजर, कारण पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. हवावाल्याला वाटलं, वय झालं.

आणि एका दुपारी, दुकान रिकामं असताना, सरळ्याने हाक मारली.

"हव्या, इकडे ये. हात पूस."

"काय झालं दादा?"

"आधी हात पूस म्हटलं ना."

हवावाल्याने चिंधीला हात पुसले. सरळ्याने खिशातून चावी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"दादा, माझा कान कुठे तयार झालाय अजून?"

"माझ्यापेक्षा बरा आहे."

"थट्टा करता का गरिबाची?"

"थट्टा नाही रे. मला आता सगळ्या तारा सारख्याच वाजतात."

हवावाला हसला. "म्हातारपण आलं तुम्हाला. बसा आता पायरीवर, शिव्या द्यायला."

सरळ्याही हसला. कित्येक महिन्यांनी मोकळं हसला. "हो, बसतो की."

त्या संध्याकाळी हवावाला चावी घेऊन घरी गेला आणि बायकोला, पोरींना, वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या शेजारणीलासुद्धा ती दाखवली. शेजारणीला काही कळलं नाही, तरी तिने छान आहे म्हटलं. पुढचे आठ दिवस सरळ्या हलका होता. दुकान झाडून काढलं, बेअरिंगचे छर्रे मापाप्रमाणे वेगळे केले, म्हातारबाच्या वेळची पाण्याची पाटी घासून लख्ख केली. हवावाल्याला वाटलं, माणूस ओझं उतरवून मोकळा झाला. दुसऱ्या कुठल्या धंद्यात एखाद्याने जपलेली वस्तू अशी काढून दिली असती, तर ऐकणाऱ्याने तिथेच विचारलं असतं, काय चाललंय तुझ्या मनात? इथे नेमच तसा होता. त्या नेमाने हवावाल्याला आंधळं केलं.

नवव्या दिवशी सकाळी सरळ्याने जीव दिला. कुठे आणि कसा ते सांगून कुणाचं भलं होणार नाही.

लोक त्याला पोचवून परतले आणि कारणं काढायला बसले. मोटारसायकलींनी सायकलवाल्यांचं पोट मारलं, हे एक. एकुलती लेक लग्न करून लांब गेली, हे दुसरं. तिसऱ्याने दारू काढली, आणि सरळ्या तर सोडासुद्धा पीत नव्हता. पण सगळ्यांत जास्त चाललं ते चौथं. बायकोची जीभ. "त्या सकाळी भांडण झालं होतं म्हणे. शेजाऱ्यांनी ऐकलं." झालं. लोकांना एक कारण लागतं, आणि ते शक्यतो दुसऱ्याच्या घरातलं लागतं. ते सापडलं की रात्री आपल्याला झोप लागते.

हवावाल्याने कुणालाच काही सांगितलं नाही. चावी चिंधीत गुंडाळून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली आणि आउटचं चाक आलं की सांगायला लागला, "माझ्याच्याने होत नाही, पुढच्या दुकानात जा." स्वतःच्या सायकलचं मागचं चाक डुगडुगायला लागलं, ते तसंच ठेवलं. सरळ्याची बायको, त्याची वहिनी, हिच्या घरासमोरून जायचं तर तो लांबचा रस्ता धरी. तिला चावीचा नेम माहीत होता. चावी दिसली की ती पहिला प्रश्न विचारणार, कधी दिली?

दीड महिन्याने सरळ्याचा थोरला भाऊ दुकानात आला. पोस्टातून निवृत्त झालेला, कडक इस्त्रीचा माणूस. बसायला दिलेल्या खोक्यावर न बसता उभ्यानेच बोलला.

"तू घरी ये. ती जेवत नाही. दिवसभर दार उघडं टाकून बसते. दाराला वीट लावून ठेवलीय. कडी कुणाला लावू देत नाही. अंगावरचे कपडे बघ, चार दिवसांचे."

"मी येऊन काय करू, थोरले?"

"मला काय माहीत? माझ्याशी बोलत नाही ती. तू वीस वर्षं तिच्या हातचा डबा खाल्लास. तुझ्याशी बोलेल."

आता नाही म्हणायला तोंड नव्हतं.

घर दोन खोल्यांचं. दाराला वीट होती तशीच. आत ओट्यावर एकच भांडं, तेही पालथं. कोपऱ्यात सरळ्याच्या हात पुसायच्या चिंध्या धुऊन, घडी करून, एकावर एक ठेवलेल्या. त्यांवरचे तेलाचे डाग काही गेले नव्हते. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. थोरला उंबऱ्यातच थांबला.

"वहिनी," हवावाला म्हणाला, "यात तुमचा काही दोष..."

"हे वाक्य मला पाठ झालंय. पुढचं बोला."

मग तीच बोलली. दाराकडे बघत.

"ती कडी चार महिने मोडली होती. सांगून सांगून जीभ झिजली माझी. त्या दिवशी सकाळी म्हटलं, जगाची चाकं सरळ करत फिरता, घरातली एक कडी तेवढी होत नाही तुमच्याने. असला नवरा असून नसून सारखा." ती थांबली. "असंच म्हटलं. शब्दाला शब्द. ते हसले. पेचकस घेतला, कडी बसवली, दोनदा लावून बघितली. म्हणाले, बघ, आता घट्ट बसते. आणि गेले."

बाहेर कुणीतरी नळाखाली बादली लावली.

हवावाल्याच्या छातीशी चावी होती. ती तशीच ठेवली तर वहिनी जन्मभर ते एक वाक्य चघळत बसणार. काढली, तर वीस वर्षांच्या डब्याला तो काय तोंड दाखवणार? त्याने खिशात हात घातला, परत काढला. मग एकदम चिंधी सोडली आणि चावी फरशीवर ठेवली. लोखंडाचा फरशीला आवाज झाला.

वहिनीने चावीकडे पाहिलं. हात लावला नाही.

"कधी दिली?"

"आठ दिवस आधी."

"म्हणजे माझ्या बोलण्याच्या आधी."

"हो."

"आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत."

"नाही."

"का?"

हवावाल्याची मान खाली गेली. "मला वाटलं, मी पास झालो."

ती उठली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बहुतेक, कारण उठताना भिंत धरावी लागली. "पास झालात! दीड महिना मी इथे स्वतःला खातेय, आणि तुम्ही चावी खिशात घालून पास होऊन बसलात?" तिने ओट्यावरचं भांडं उचललं आणि जमिनीवर आपटलं. भांडं घरंगळत थोरल्याच्या पायाशी गेलं. "निघा इथून. दोघंही निघा."

हवावाला उठला नाही. "मारा वहिनी. पण जाणार नाही."

थोरल्याने भांडं उचललं. हातात तसंच धरून तो आत आला आणि ट्रंकेवर बसला. इस्त्रीच्या विजारीची पर्वा न करता.

"मग माझंही ऐक," तो म्हणाला. "त्याला गोळ्या चालू होत्या, अडीच वर्षांपूर्वी. तुला माहीत आहे."

"झोपेच्या."

"झोपेच्या नव्हत्या. मोठ्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई म्हणाली होती, हे मनाचं दुखणं आहे, औदासीन्य, ताप असतो तसाच हा आजार आहे, लाज वाटायचं कारण नाही. गोळ्या मधेच सोडू नका, बोलत राहा कुणाशी तरी. तीन महिन्यांत तो सुधारला. परत शिव्या देऊ लागला. मग मीच त्याला म्हटलं, बरा झालास ना, कशाला वेड्यांच्या गोळ्या खातोस, लेकीच्या सासरी कळलं तर? त्याने सोडल्या. माझं ऐकायचा तो लहानपणापासून." थोरल्याने भांडं मांडीवर फिरवलं. "आणि आमचा धाकटा काका. सगळ्यांना सांगितलंय, विहिरीवर पाय घसरला. पाय घसरला नव्हता. घरात सगळ्या मोठ्यांना माहीत होतं. वडिलांनी शपथ घातली होती. डॉक्टरीणबाईने विचारलं, घराण्यात कुणाला असं झालंय का? मी शेजारीच बसलो होतो. म्हटलं, नाही."

वहिनी परत खाली बसली. चावी आता तिच्या पायापाशी होती.

"पोर लांब गेली तेव्हापासून जेवण कमी झालं होतं," ती म्हणाली. तिघांनी मिळून एखादं सामान मोजावं तसा तिचा सूर होता. "त्याआधी खांदा दुखायचा. चावी फिरवताना कळ यायची. मला सांगितलं, कुणाला सांगू नकोस. म्हातारबा गेला तेव्हाही महिनाभर असेच बसून होते. मला म्हणायचे, काही नाही गं, नुसतं आत जड वाटतं. मी म्हणायची, जड वाटतं तर जरा फिरून या."

"मीही म्हटलं, म्हातारपण आलं," हवावाला म्हणाला. "एका तारेने चाक जात नाही वहिनी. एक तुटते, भार शेजारच्यांवर येतो, त्या ताणतात, मग त्यातली एक, असं करत करत. शेवटची तुटते तेव्हा ती सगळ्यांना दिसते. तुमचं वाक्य शेवटचं होतं, एवढंच."

"माणूस काय सायकल आहे का?" थोरला खेकसला.

"नाही. सायकल असती तर मला कळलं असतं."

सगळं मांडून झाल्यावरही काहीतरी उरत होतं, जे तिघांपैकी कुणाकडेच नव्हतं. ते सरळ्या बरोबर घेऊन गेला होता. खांदे पुष्कळांचे दुखतात, लेकी सगळ्यांच्याच लांब जातात, आणि कड्या घरोघर मोडतात.

थोरल्याने येताना डबा आणला होता. त्याने तो उघडून वहिनीपुढे सरकवला. तिने बोटाने थोडंसं घेतलं, तोंडात घातलं, आणि गिळायचं विसरल्यासारखी बसली.

"खा गं. मीठ कमी आहे का?"

"काय माहीत. मला सगळं सारखंच लागतं. मीठ आहे की नाही, तेही कळत नाही."

हे वाक्य हवावाल्याने आधी ऐकलं होतं. त्यात तारा होत्या, यात मीठ होतं. त्या वेळी तो हसला होता.

"वहिनी, एक विचारतो. रागावलात तरी चालेल. मरून जावं असं येतं का मनात?"

"अरे, काय अभद्र विचारतोस!" थोरला उठायलाच लागला. "नसलं तर घालशील डोक्यात!"

"विचारू द्या. मागच्या वेळी विचारलं नाही. विचारून कुणाच्या डोक्यात जात नाही हे, थोरले. असलं तर आधीच असतं."

वहिनीने डबा बाजूला सरकवला. मग म्हणाली, "रोज नाही."

"कधी येतं?"

"दिवे लागायच्या वेळी. तेव्हाच ते घरी यायचे." तिने डोळे पुसले नाहीत, कारण डोळ्यांत पाणी नव्हतंच. "तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. कुणी विचारलंच नव्हतं. सगळे म्हणतात धीर धर. कुठे धरू? त्याला मूठ असते का?"

"त्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. आत्ता."

"आत्ता?"

"दिवे लागायला चार तास आहेत. आणि आज संध्याकाळी तुम्ही आमच्याकडे. उद्याही. पोरी आहेत, त्या बडबडून तुमचं डोकं उठवतील."

तिने थोरल्याकडे पाहिलं. नेमाने आता 'लोक काय म्हणतील' यायचं. थोरल्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाला, "मीही येतो. त्यांना काकाचं सांगायचंय मला."

कपडे बदलायला तिला अर्धा तास लागला. दोघं बाहेर उभे राहिले. ती आली, पायाने वीट बाजूला केली आणि दारापाशी अडखळली. हात कडीपर्यंत गेला, मागे आला. हवावाला पुढे झाला तर म्हणाली, "राहू द्या. मी लावते." एका दमात लावली आणि वळून पाहिलं नाही.

कॅरिअरवर बसायला तिने नकार दिला, म्हणून हवावाला सायकल हातात धरून चालू लागला. मधे वहिनी, पलीकडे थोरला. रस्त्यातले लोक बघत होते. त्या सकाळचं भांडण ऐकलेली शेजारीणही बघत होती. थोरल्याने तिच्याकडे असं पाहिलं की तिला एकदम घरात काम आठवलं.

कोपऱ्यावर वळताना वहिनी थांबली.

"तुमचं मागचं चाक आउट आहे."

"आहे."

"किती दिवसांपासून?"

"दीड महिना झाला."

"घासतंय ब्रेकला. त्यांनी ऐकलं असतं तर कानाखाली वाजवली असती." ती चार पावलं चालली. मग हात पुढे केला. तळहातावर चावी होती. फरशीवरून तिने ती कधी उचलली, ते दोघांनाही कळलं नव्हतं. "घ्या. दवाखान्यातून आलो की काढा आउट."

"मला तेवढं ऐकू येत नाही वहिनी. खरंच."

"मला येतं. तीस वर्षं घरात तेच ऐकलंय." ती पुढे बघत म्हणाली. "तुम्ही छेडा. मी पायरीवर बसते."